रहस्यकथांच्या धर्तीवरील हस्तनिर्मित कार्डे : लपवण्याची जागा आधी ठरवावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. भाचीला अकरा वर्षे पूर्ण होत आहेत आणि तिला जुन्या धाटणीच्या बालरहस्यकथांचे वेड आहे. तिच्यासाठी एक आणि तिच्या वाचनगटातील मुलांसाठी साधारण बारा कार्डे हाताने करायची आहेत. प्रश्नकर्त्या बाईंनी दोन कार्डे करून पाहिली. त्यांवर भिंग, पावलांचे ठसे, प्रश्नचिन्हे आणि चहाच्या पाण्यात बुडवून जुनाट केलेला कागद असे सारे काही आहे. तरीही ती रहस्यकथेसारखी वाटत नाहीत, शिवाय कार्ड धनुष्यासारखे वाकले आहे आणि शाई पसरली आहे. आत अक्षरे पुढे सरकवून लिहिलेला सांकेतिक संदेशही आहे. कोठे चुकले आणि अदृश्य शाई वापरावी का, असे त्यांनी विचारले आहे.

कागद वाकला आणि शाई पसरली हे दोष सहज दूर होण्यासारखे आहेत, त्यांच्याकडे नंतर येतो. मूळ अडचण अशी की आपल्या कार्डावर जे काही आहे ते सगळे पहिल्याच नजरेला दिसून जाते. भिंग, ठसे, प्रश्नचिन्ह या रहस्यकथेच्या पाट्या झाल्या. दुकानावर पाटी कितीही सुबक रंगवली तरी आत माल नसेल तर गिऱ्हाईक उंबऱ्यावरूनच परत फिरते. गेली अनेक वर्षे मी मुलांसाठी अशी कार्डे करीत आलो आहे आणि त्या अनुभवावरून मी एकच क्रम पाळतो. या कार्डात काय लपले आहे आणि ते हाती लागण्यासाठी मुलाला कोणती एक कृती करावी लागेल, हे प्रथम कागदावर एका वाक्यात लिहितो. ते वाक्य जमेपर्यंत कात्रीला हात लावत नाही. चित्र, रंग, अक्षरे आणि कागद हे सगळे त्या एका वाक्याच्या मागून येते.

ही गोष्ट मी जुन्या पुस्तकांच्या मुखपृष्ठांवरून शिकलो. मुलांसाठी लिहिलेल्या अमेरिकी रहस्यमालांपैकी हार्डी बॉइज ही मालिका १९२७ साली आणि नॅन्सी ड्रू १९३० साली सुरू झाली. नॅन्सी ड्रूच्या सुरुवातीच्या पुस्तकांची वेष्टने रसेल टँडी या चित्रकाराने काढली होती. अशा वेष्टनांवर सहसा गुन्हेगार पकडल्याचे चित्र नसते आणि सापडलेला खजिनाही नसतो. तेथे मुलगी दाराशी थांबलेली असते, हातातला दिवा किंचित वर धरलेला असतो आणि तिची नजर चित्राच्या चौकटीबाहेर कोठे तरी लागलेली असते. म्हणजे चित्रकाराने शोध लागण्याच्या आधीचा क्षण निवडलेला असतो आणि पाहणाऱ्याला पान उलटण्यावाचून गत्यंतर ठेवलेले नसते. घडीचे कार्ड तर नेमके तेच करते, कारण त्याला मुखपृष्ठ असते आणि आत एक पान असते. मुखपृष्ठाने प्रश्न टाकावा आणि घडी उघडताच उत्तर मिळावे, इतकी सोय या वस्तूतच आहे. आपण मात्र प्रश्न आणि उत्तर दोन्ही बाहेर मांडून ठेवले.

भाचीच्या कार्डासाठी एक रचना सांगतो. ती मी अनेकदा केली आहे, म्हणून मापांसह देत आहे. मुखपृष्ठ गडद निळ्या कागदाचे असावे. त्यावर काळ्या कागदातून कापलेली जुन्या घराची भिंत आणि त्या भिंतीत एक खिडकी असावी. खिडकीचा भाग, सुमारे १८ मिलिमीटर रुंद आणि २२ मिलिमीटर उंच, आरपार कापून काढावा. खिडकीच्या आत काळोख दिसतो आणि त्या काळोखात दोन पिवळे ठिपके शेजारी शेजारी चमकतात. पाहणाऱ्याला ते डोळे वाटतात. खाली कोपऱ्यात हातात टॉर्च घेतलेली मुलगी पाठमोरी उभी आहे. घडी उघडली की कळते की ते डोळे नव्हतेच. आतल्या काळ्या पानावर दोरीला ओळीने अकरा कंदील टांगलेले आहेत आणि खिडकीतून दिसत होते ते त्यांतील दोन. कंदिलांची संख्या वयाइतकी आहे हे मूल स्वतः मोजून शोधते, आपण ते कोठेही लिहायचे नाही.

या रचनेत सगळे यश त्या दोन ठिपक्यांच्या जागेवर अवलंबून असते. आधी आतले चित्र काढून मग खिडकी कापली तर ठिपके एक-दोन मिलिमीटरने सरकतात आणि एक डोळा खिडकीच्या कडेखाली जातो. म्हणून क्रम उलटा ठेवावा. प्रथम मुखपृष्ठाला खिडकी कापावी, कार्ड घडी घालून घट्ट बंद करावे आणि खिडकीतून टोकदार पेन्सिलीने आतल्या पानावर चौकट उमटवून घ्यावी. त्या चौकटीत दोन कंदिलांच्या ज्योती बसवाव्यात आणि बाकीचे नऊ कंदील त्यांच्या अनुषंगाने दोरीवर मांडावेत. चौकटीत ज्योतीखेरीज काही उठून दिसू देऊ नये. कंदिलाची काच, कडी, दोरी हे सारे काळ्यावर करड्या पेन्सिलीने इतके फिके काढावे की खिडकीतून पाहताना ते जाणवणार नाही आणि पान पूर्ण उघडल्यावर मात्र स्पष्ट दिसेल. ज्योतीसाठी पिवळा कागद भोकपंचाने पाडून चिकटवला तर रंगापेक्षा चांगला उठाव येतो, कारण काळ्या कागदावर पातळ पिवळा रंग मळकट हिरवट दिसू लागतो.

आता पाठमोऱ्या मुलीकडे येतो, कारण बहुतेकांची कार्डे याच ठिकाणी फसतात. नॅन्सी ड्रूच्या जुन्या निळ्या कापडी बांधणीवर भिंग घेऊन वाकलेल्या मुलीची छायाकृती नारिंगी रंगात छापलेली असे आणि ती आजही लांबून ओळखू येते. छायाकृतीत चेहरा नसतो, डोळे नसतात, कपड्यावरची नक्षी नसते. जे काही सांगायचे ते फक्त बाह्यरेषेने सांगायचे असते. याचा व्यावहारिक अर्थ असा की महत्त्वाची प्रत्येक वस्तू शरीराच्या काळ्या आकाराबाहेर आली पाहिजे. हात छातीशी धरून त्यात टॉर्च दिला तर काळ्यात काळे मिसळून तेथे नुसता गोळा दिसतो. कोपर शरीरापासून सुटे करून मधून थोडा निळा कागद दिसू दिला, टॉर्च हाताच्या पुढे निघालेला ठेवला आणि केसांची एक बट मानेपासून वेगळी काढली की त्याच गोळ्याची सावध उभी असलेली मुलगी होते. वाकलेले गुडघे आणि किंचित पुढे झुकलेले डोके यांनी शरीराला हालचाल येते. ताठ उभी छायाकृती मात्र स्वच्छतागृहाच्या दारावरील पाटीसारखी दिसते आणि मुलांच्या ते चटकन लक्षात येते.

कापताना काळ्या कागदाच्या पांढऱ्या किंवा फिक्या मागील बाजूवर आकृती उलटी काढावी. दोन्ही बाजूंनी काळा असलेला कागद असेल तर पांढऱ्या पेन्सिलीने काढावी. कोपर आणि कंबर यांच्यामधली फट, बटेमागची फट असे आतले तुकडे आधी कापावेत आणि बाहेरची कड शेवटी कापावी, कारण बाहेरची कड सुटली की धरायला कागद उरत नाही आणि आतली बारीक कापणी करताना तो फाटतो. वळण घेताना कटर स्थिर ठेवून कागद फिरवावा. पाते बोथट झाले की कागद कापण्याऐवजी ओढला जातो आणि कडेला केसाळ तंतू उठतात. काळ्या कागदावर ते पांढरे दिसतात. मी एका छायाकृतीला पात्याचे एक टोक खर्च झाले असे धरून चालतो. पात्यावर काटकसर करणाऱ्या माणसाने या कामात पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. लहान मुले बरोबर बसून काम करणार असतील तर कटर मोठ्यांच्याच हाती ठेवावा आणि मुलांना कात्रीने जमेल असा मोठा, फटी नसलेला आकार द्यावा.

रंग तीनच ठेवावेत. जुन्या मुखपृष्ठांकडे पाहिले तर लक्षात येते की सपाट रंगांचे मोठे पट्टे आणि त्यांत एकच उजेडाची जागा अशी त्यांची मांडणी आहे. गडद निळा, काळा आणि एकच उबदार रंग एवढे पुरते. तो उबदार रंग जेथे उजेड आहे तेथेच यावा. टॉर्चचा झोत पिवळ्या कागदाच्या त्रिकोणाने दाखवताना त्याचे टोक टॉर्चपाशी अगदी अरुंद आणि दुसरे टोक खिडकीकडे उघडे ठेवावे, मात्र तो खिडकीपर्यंत पोहोचू देऊ नये. झोत खिडकीवर पडला तर मुलीला आतले काय ते दिसले असा अर्थ होतो आणि प्रश्नच संपतो. ही बारीक गोष्ट वाटेल, परंतु मी एकच रचना दोन्ही प्रकारे करून मुलांपुढे ठेवली आहे. झोत अडीच सेंटिमीटर अलीकडे थांबलेले कार्ड मुले आधी उचलतात.

मुखपृष्ठावर पुस्तकासारखे नाव असावे आणि ते नाव आपणच रचलेले असावे. प्रचलित पुस्तकाचे नाव उचलण्यापेक्षा मुलाच्या आयुष्यातील एखादी खरीखुरी हरवाहरवी घ्यावी. भाचीचा एक मोजा नेहमी गायब होत असेल तर "निळ्या मोज्याचे रहस्य", पेन्सिलीची टोपणे सापडत नसतील तर "सातव्या टोपणाचा शोध". जुन्या बालरहस्यकथांत खून क्वचितच असतो. तेथे हरवलेले मृत्युपत्र, बंद पडलेले घड्याळ, चोरदरवाजा, रात्री टेकडीवर दिसणारा दिवा अशा गोष्टींवर सगळे कथानक उभे राहते. म्हणून रक्ताचे थेंब, पिस्तूल, कवटी, तसेच वर्तमानपत्रातील अक्षरे कापून चिकटवलेली धमकीची चिठ्ठी मी मुलांच्या कार्डावर घेत नाही. ती प्रौढांच्या गुन्हेकथांची सामग्री आहे आणि अकरा वर्षांच्या मुलीच्या हाती वाढदिवसाच्या सकाळी ती देण्यात काही औचित्य नाही.

नाव हाताने लिहावे. संगणकावरील भीतीदायक, ओघळत्या वळणाची अक्षरे वापरू नयेत. देवनागरीत शिरोरेषा ही मोठी सोय आहे. शिरोरेषा जाड आणि सलग ठेवून तिच्याखाली अक्षरे टांगली की मजकूर आपोआप पाटीसारखा भक्कम दिसतो. एखाद्या अक्षराचा काना खालपर्यंत लांबवून त्याचा जिना किंवा किल्लीचा दांडा करता येतो, मात्र हा खेळ एका नावात एकदाच करावा.

कार्डाच्या आत सांकेतिक संदेश द्यायचा असेल तर आपण केलेली चूक बहुतेक सगळेच करतात. इंग्रजीतील "प्रत्येक अक्षर तीन घरे पुढे सरकवा" ही पद्धत तशीच मराठीला लावली जाते. इंग्रजीत ती चालते, कारण तेथे स्वर आणि व्यंजने एकाच ओळीत सुटी सुटी उभी असतात. मराठीत व्यंजन सरकवले तरी काना, मात्रा, वेलांटी जागच्या जागी राहतात. त्यामुळे चतुर मूल मात्रांवरूनच शब्द ओळखते. शिवाय "ङ" आणि "ञ" येथे पोहोचलेली अक्षरे विचित्र दिसतात आणि जोडाक्षर आले की करणाऱ्याचाच गोंधळ उडतो. त्यापेक्षा वर्णमालेची घडण वापरावी. ग्रीक इतिहासकार पॉलिबियस याने इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकात अक्षरांची पाच बाय पाच घरांची चौकट करून प्रत्येक अक्षर ओळ आणि स्तंभ अशा दोन अंकांनी दाखवण्याची रीत वर्णन केली आहे. ग्रीक अक्षरे चोवीस असल्याने तेथे एक घर रिकामे राही. आपली क पासून म पर्यंतची व्यंजने मात्र पाच वर्गांत पाच पाच अशी आधीच मांडलेली आहेत आणि ही चौकट मुलांना शाळेपासून तोंडपाठ असते.

पद्धत अशी की क-वर्ग पहिली ओळ, च-वर्ग दुसरी, ट-वर्ग तिसरी, त-वर्ग चौथी आणि प-वर्ग पाचवी. सहाव्या ओळीत य, र, ल, व, श आणि सातव्या ओळीत ष, स, ह, ळ घ्यावेत. व्यंजनाचे दोन अंक झाल्यावर आडवी रेघ देऊन बाराखडीतील क्रमांक लिहावा, म्हणजे नुसत्या अक्षराला १, काना असेल तर २, पहिल्या वेलांटीला ३, दुसऱ्या वेलांटीला ४ आणि पुढे त्याच क्रमाने. जोडाक्षरातील अर्ध्या अक्षराला ० द्यावा आणि शब्दात सुटा स्वर आला तर व्यंजनाच्या जागी ०० लिहावे. या रीतीने "जिना" हा शब्द २३-३, ४५-२ असा होतो. "घड्याळ" हा जोडाक्षर असलेला शब्द १४-१, ३३-०, ६१-२, ७४-१ असा लिहिता येतो आणि "आई" म्हणजे ००-२, ००-४. अंकांच्या अशा रांगा टंकलेखन यंत्रावर टाइप केलेल्या चिठ्ठीसारख्या लिहिल्या तर अतिशय खऱ्या वाटतात.

किल्ली कोठे द्यावी हा प्रश्न उरतो. संपूर्ण तक्ता छापून दिला तर ते शाळेतील स्वाध्यायासारखे होते आणि काहीच दिले नाही तर मूल पाच मिनिटांत कार्ड बाजूला ठेवते. मी कार्डाच्या मागील बाजूस, जेथे एरवी किंमत किंवा प्रकाशकाचे नाव असते तेथे, बारीक अक्षरात "क = ११, म = ५५" एवढेच लिहितो आणि मागच्या कोपऱ्यात एक शब्द दोन्ही रूपांत देतो, म्हणजे मात्रांचा अंक कसा वाचायचा ते कळते. आठ वर्षांच्या मुलाला दोन शब्दांचा संदेश पुरतो, अकरा वर्षांच्या मुलीला पाच ते सात शब्द द्यावेत. संदेशात केवळ शुभेच्छा असू नयेत. सांकेतिक मजकूर सोडवून हाती "वाढदिवसाच्या शुभेच्छा" एवढेच आले तर मुलांचा विरस होतो, कारण ते त्यांना आधीच ठाऊक असते. संदेशाने पुढची जागा सांगावी. जिन्याखाली पाहा, घड्याळामागे पाहा, अमुक पुस्तकाचे अमुक पान उघडा, असे काही तरी असावे आणि तेथे दुसरी चिठ्ठी किंवा लहानशी भेट खरोखरच ठेवलेली असावी.

येथे माझी एक फजिती सांगणे उपयोगाचे ठरेल. एका वर्षी मी रात्री उशिरापर्यंत बसून अशी नऊ कार्डे लिहिली आणि एका कार्डात ३३ च्या जागी ३२ लिहून बसलो. ज्याच्याकडे ते कार्ड गेले त्या नऊ वर्षांच्या मुलाने दोन दिवस डोके लढवले. तिसऱ्या दिवशी त्याचे उत्तर आले, तेही अंकांतच. ते सोडवल्यावर कळले की माझा कोणता अंक चुकला आणि तो काय हवा होता, एवढेच त्याने कळवले होते. मुलगा चिकाटीचा होता म्हणून निभावले. तेव्हापासून सांकेतिक मजकूर लिहून झाला की मूळ वाक्य झाकून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी केवळ अंकांवरून तो परत अक्षरांत उतरवतो. त्याच दिवशी तपासले तर डोळे आपल्याला हवे तेच वाचतात.

अदृश्य शाईबद्दल आपण विचारले आहे. लिंबाच्या रसाने लिहून ऊब दिली की अक्षरे तपकिरी होतात हे खरे आहे. रसातील आम्लामुळे त्या जागी कागद कमजोर होतो आणि बाकीच्या कागदाच्या आधी करपतो, हे त्यामागचे कारण. परंतु ऊब द्यायची म्हणजे इस्त्री लागते, मोठे माणूस लागते आणि कोणी तरी मेणबत्तीवर कार्ड धरण्याची शक्यता राहते. बारा मुलांना एकदम द्यायच्या कार्डांत मी हा प्रकार टाळतो. त्याऐवजी पांढऱ्या कागदावर पांढऱ्या मेणाच्या खडूने जोर देऊन लिहावे आणि सोबत जलरंगाची एक छोटी वडी द्यावी. पातळ रंगाचा हात फिरवला की मेणावर रंग बसत नाही आणि अक्षरे पांढरी उमटतात. लिहिताना दिवा बाजूला, अगदी खालच्या पातळीवर ठेवावा, म्हणजे मेणाची चमक दिसते आणि आपण काय लिहितो आहोत ते कळते.

लाल पारदर्शक कागदाची युक्तीही चांगली आहे. फिक्या निळ्या पेन्सिलीने संदेश लिहावा आणि त्यावर लाल, नारिंगी, गुलाबी रेघांचे दाट जाळे काढावे. नुसत्या डोळ्यांना गिचमीड दिसते. लाल सेलोफेनमधून पाहिले की लाल रेघा पार्श्वभूमीत विरून जातात आणि निळी अक्षरे गडद होऊन वर येतात. पुठ्ठ्याचे भिंग कापून त्याला काचेऐवजी हे सेलोफेन लावले तर भिंगाला कार्डावर राहण्याचे खरे कारण मिळते. आपण चिकटवलेल्या भिंगाला तसे काही काम नव्हते.

आता कागद वाकल्याचे कारण. प्रत्येक कागदात तंतूंची एक दिशा असते. कागद हलकेच दोन्ही बाजूंनी वाकवून पाहिला तर एका दिशेने तो सहज वळतो, त्या वळणाची रेघ तंतूंना समांतर असते. कार्डाची घडी नेहमी त्या दिशेने यावी, नाही तर घडीवर कागद तडकतो आणि आतला पांढरा गाभा दिसतो. पाण्याचा अंश असलेला पांढरा गोंद लावला की तंतू आडवे फुगतात आणि वाळताना आखडतात. एका बाजूला गोंदाने मोठा कागद चिकटवला आणि दुसरी बाजू मोकळी राहिली की धनुष्य ठरलेलेच. मोठ्या कागदासाठी डबल टेप वापरावी, किंवा गोंद वापरायचाच तर दोन्ही कागदांचे तंतू एकाच दिशेने ठेवून, अगदी पातळ थर देऊन रात्रभर जाड पुस्तकांखाली दाबून ठेवावे. कार्डासाठी २५० ते ३०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला तितके ग्रॅम वजन भरणारा कागद घ्यावा. घडीची रेघ पोलादी पट्टीला लावून बोन फोल्डरने (घडी पाडण्याच्या बोथट पट्टीने) किंवा शाई संपलेल्या बॉलपेनने बाहेरच्या बाजूने पाडावी आणि उठलेला उंचवटा आत जाईल अशी घडी घालावी.

जुनाट कागदाचे काम आपण उलट क्रमाने केले, म्हणून शाई पसरली. चहाचा रंग आधी द्यायचा, कागद वजनाखाली पूर्ण वाळवायचा आणि मगच पाण्याने न विरघळणाऱ्या शाईने लिहायचे. चकचकीत, लेप दिलेल्या कागदावर चहा बसत नाही, तेथे डाग पडतात. सगळा कागद चहात बुडवूही नये. जुने पुस्तक हातात घेऊन पाहावे. स्वस्त कागदातील लिग्निन हा घटक हवेने आणि उजेडाने पिवळा पडतो आणि बंद पुस्तकात हवा व उजेड कडांपर्यंतच पोहोचतात, म्हणून पान कडेने गडद आणि मध्ये फिके असते. स्पंज पिळून जवळजवळ कोरडा करावा आणि कडेकडून आत असा हलका हात दोन-तीन वेळा फिरवावा, म्हणजे तोच परिणाम मिळतो. कडा मेणबत्तीने जाळण्याची प्रथा मला कधीच पटली नाही. रहस्यकथेचे पुस्तक कपाटात जुने होते, आगीतून निघत नाही. आणि हे करण्यासाठी खऱ्या जुन्या पुस्तकांची पाने फाडू नयेत, रंग दिलेला नवा कागद तेवढाच चांगला दिसतो.

वाचनगटाच्या बारा कार्डांसाठी भाचीच्या कार्डाएवढी कापणी करू नये, एवढ्या छायाकृती कापता कापता हात थकतो आणि शेवटची तीन-चार बिघडतात. त्यांच्यासाठी ग्रंथालयाच्या पुस्तकाची कल्पना वापरावी. आतल्या पानावर जाड खाकी कागदाचा लहान खिसा चिकटवावा आणि त्यात पुस्तक परत करण्याच्या तारखांची चिठ्ठी ठेवावी. चिठ्ठीवर तारखांचे शिक्के एकाखाली एक मारावेत. त्यातील प्रत्येक तारीख गटातील एकेका मुलाच्या वाढदिवसाची असावी आणि ज्याला कार्ड द्यायचे त्याची तारीख मात्र गाळलेली असावी. आपली तारीख कोठे गेली हे शोधताना मूल खिशात पुन्हा हात घालते आणि तळाशी घडी करून ठेवलेला दुसरा कागद त्याच्या हाती लागतो. खिशाची रुंदी चिठ्ठीपेक्षा ३ मिलिमीटर अधिक ठेवावी, त्याहून कमी ठेवली तर चिठ्ठी ओढताना फाटते. बारा कार्डे करताना एक कार्ड पूर्ण करून दुसरे घेण्याऐवजी आधी बाराही कापावीत, मग बारांना घड्या घालाव्यात, मग खिसे लावावेत. याने मापे एकसारखी राहतात.

ही कार्डे भेट म्हणून देताना अडचण नसते, पण पुढे विक्रीचा विचार असेल तर प्रसिद्ध मालिकांची नावे, पात्रे आणि बोधचिन्हे वापरू नयेत. अमेरिकेत १९३० साली प्रकाशित झालेल्या पुस्तकांचे स्वामित्वहक्क ९५ वर्षांनंतर, म्हणजे २०२५ च्या अखेरीस संपले. तरीही प्रत्येक देशाची मुदत वेगळी असते आणि मालिकेचे नाव व्यापारचिन्ह म्हणून स्वतंत्रपणे सुरक्षित राहू शकते. छायाकृती, कंदील, खिडकी, जिना यांवर कोणाचाही हक्क नाही आणि आपल्या कामाला तेवढे पुरेसे आहे.

लिफाफ्याचे माप शेवटी पाहू नये. ए५ आकाराच्या कागदाची मधोमध घडी घातली की १०५ बाय १४८ मिलिमीटरचे कार्ड होते आणि ते ११४ बाय १६२ मिलिमीटरच्या सी६ लिफाफ्यात बसते. छायाकृती उठावदार करण्यासाठी फोम टेप वापरली असेल तर जाडी वाढते आणि तो लिफाफा कडेला ताणला जातो, तेव्हा एक मिलिमीटर जाडीचीच टेप घ्यावी आणि खिडकीच्या कडेपासून ती ५ मिलिमीटर दूर ठेवावी, नाही तर खिडकीतून पांढरा फोम दिसतो. लाखेची मोहोर दिसायला सुंदर असते, पण पारंपरिक लाख ठिसूळ असते आणि टपालात तिचे तुकडे होतात. मोहोर हवीच असेल तर ग्लू गनमध्ये वापरायच्या लवचिक मेणाची करावी आणि ती लिफाफ्याच्या बाहेर न लावता आतल्या घडीच्या चिठ्ठीवर लावावी. मेणाच्या खडूने लिहिलेले पान असेल तर त्याच्यासमोर पातळ बटर पेपरचा तुकडा ठेवावा, म्हणजे अक्षरांचे मेण समोरच्या पानावर उतरणार नाही. कंदिलांचे कार्ड लिफाफ्यात घालण्यापूर्वी एकदा हातभर अंतरावर धरून पाहावे. खिडकीत दोन्ही डोळे पूर्ण दिसत असतील आणि दोरी दिसत नसेल, तर लिफाफा बंद करायला हरकत नाही.